कुंग फू चित्रपटांचा घरगुती संग्रह: प्रत कशी ओळखावी, कशी घ्यावी, कशी टिकवावी

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी लोकमान्य नगरातल्या एका काकूंचा फोन आला. माळा आवरायला काढला होता. "अगं, तुला त्या मारामारीच्या कॅसेटी लागतात ना? आजच्या आज ये. उद्या सकाळी गाडी आली की सगळं देऊन टाकणार आहे मी." गाडी म्हणजे नगर निगमची, गाणं वाजवत गल्लोगल्ली फिरणारी. इंदूरमध्ये एखादी वस्तू त्या गाडीत पडली की ती गेलीच. मी हातातलं काम टाकून निघाले. गोणपाटात सतरा कॅसेटी होत्या. त्यातल्या अकरा त्यांच्याच घरच्या, मुंजीच्या आणि लग्नाच्या. त्या वेगळ्या काढून काकूंच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "या मात्र टाकू नका, मी कॉम्प्युटरवर उतरवून आणून देते." उरलेल्या सहांपैकी चार कुंग फूच्या निघाल्या. एकीच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसत होती. तिचं काय केलं ते पुढं सांगते.

हा लेख ज्यांना असा संग्रह नव्यानं सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी आहे. मी वीस वर्षांहून जास्त काळ हे करते आहे, आणि सुरुवातीला कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर कितीतरी चांगल्या प्रती हातच्या गेल्या नसत्या.

आधी हे ठरवा: चित्रपट जमवायचे की प्रती?

नावांची यादी घेऊन बाजारात जाऊ नका. यादीत नाव एक असतं, पण त्या नावाच्या प्रती पाच असतात, आणि त्या एकमेकींसारख्या नसतात. एकीत दोन्ही बाजूंनी चित्र कापलेलं, दुसरीत दहा मिनिटं गायब, तिसरीत आवाज दुसऱ्याच भाषेतला. आपण लहानपणी जे पाहिलं ते यातलंच एखादं रूप होतं.

माझा नियम साधा आहे: आवडत्या प्रत्येक चित्रपटाच्या दोन प्रती. एक, जिच्यात चित्र सर्वांत चांगलं आहे. ही बहुधा परदेशातली ब्ल्यू-रे असते. दुसरी, जी आपल्याकडच्या लोकांनी पाहिली. म्हणजे इथली व्हीसीडी, इथली टेप. परदेशी ब्ल्यू-रेवर मँडरिन, कँटोनीज (या दोन्ही चिनी भाषा), इंग्रजी आवाज मिळतील. हिंदी डबिंग मात्र मला आजवर एकाही परदेशी संचावर सापडलेलं नाही. ज्या हिंदी आवाजांवर आपल्या गल्लीतली मुलं पोसली, ते आवाज भारतात निघालेल्या दोन डिस्कच्या स्वस्त व्हीसीडीवरच आहेत. त्या व्हीसीडी आज रद्दीच्या भावानं जात आहेत. हाँगकाँगची मूळ निगेटिव्ह जपायला तिथं कंपन्या आहेत. आपल्याकडच्या या प्रती आपणच जपायच्या आहेत.

मग एक पट्टा निवडा, म्हणजे पैसे आणि जागा दोन्ही आटोक्यात राहतील. शॉ ब्रदर्स हा सर्वांत भरघोस पट्टा आहे. १९५८ मध्ये हाँगकाँगमध्ये उभी राहिलेली ही कंपनी, क्लिअरवॉटर बे इथला तिचा प्रचंड स्टुडिओ, आणि पगारावर ठेवलेले दिग्दर्शक, नट, लढतीचे उस्ताद. १९६६ मध्ये किंग हू यांनी 'कम ड्रिंक विथ मी' केला आणि तलवारबाजीच्या चित्रपटांना वेगळीच लय आली. १९६७ मध्ये चांग चेह यांचा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन', म्हणजे एकहाती तलवारबाज, हा चित्रपट आला. १९७८ मध्ये लाऊ कार-लिउंग यांनी गॉर्डन ल्यूला घेऊन 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' काढला, ज्यात लढाईपेक्षा तालीमच जास्त आहे. दुसरा पट्टा गोल्डन हार्वेस्टचा. १९७० मध्ये रेमंड चाऊ शॉमधून बाहेर पडून या कंपनीच्या उभारणीत आले. ब्रूस ली आणि नंतर जॅकी चॅन यांचं मोठं काम इथलं. ब्रूस लीनं नायक म्हणून पुरे केलेले चित्रपट चारच, १९७१ ते १९७३ या काळातले, त्यामुळे त्याच्यापासून सुरुवात केली तर पट्टा लवकर पूर्ण होतो.

माझा स्वतःचा पट्टा नायिकांचा आहे. चेंग पेई-पेई, अँजेला माओ, कारा हुई. कारा हुईला 'माय यंग आंटी'साठी पहिल्याच हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत, १९८२ साली, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. त्या एका चित्रपटाच्या माझ्याकडे तीन प्रती आहेत आणि तिन्ही मी काढून पाहते.

नावांचा घोळ

इथं पैसे सर्वांत जास्त वाया जातात. एकच चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकला गेला. ब्रूस लीच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या वितरणानं कायमचा गोंधळ करून ठेवला आहे. १९७१ चा 'द बिग बॉस' तिथं 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' या नावानं लागला, आणि खरा 'फिस्ट ऑफ फ्युरी' म्हणजे १९७२ चा, तो 'द चायनीज कनेक्शन' झाला. 'वे ऑफ द ड्रॅगन'चं झालं 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन'. शॉच्या 'किंग बॉक्सर'चं झालं 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ', आणि वर सांगितलेल्या छत्तिसाव्या कक्षाचं 'मास्टर किलर'. यातली चार डबडी तुम्ही चार वेगळे चित्रपट समजून विकत घेऊ शकता. मी घेतली आहेत.

उपाय असा. वहीत प्रत्येक चित्रपटासमोर साल, दिग्दर्शक, मुख्य नट आणि चिनी शीर्षक उतरवून ठेवा. चिनी वाचता येत नसलं तरी अक्षरांचा आकार जुळवता येतो, आणि इंग्रजी नाव दहा वेळा बदललं तरी ते शीर्षक बहुधा तेच राहतं.

ब्रूस ली गेल्यावर, म्हणजे २० जुलै १९७३ नंतर, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नटांना ब्रूस ली-शी मिळतीजुळती नावं देऊन चित्रपटांची रांगच लागली. आपल्याकडच्या अनेक व्हीसीडींच्या कव्हरवर खऱ्या ब्रूस लीचा फोटो असतो आणि आत दुसराच माणूस. या चित्रपटांचाही कुणी आवडीनं संग्रह करतं आणि त्यात काही वाईट नाही, पण घेताना माहीत असायला हवं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांतली नटांची नावं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोणत्या माध्यमात काय मिळतं

व्हीएचएस टेपवरचं चित्र मऊ, आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आणि बहुतेक वेळा चित्र दोन्ही बाजूंनी कापलेलं. तरी तिची किंमत आहे, कारण काही जुनी इंग्रजी डबिंग आणि काही लांबीच्या आवृत्त्या टेपवरच राहिल्या. व्हीसीडी १९९३ ची. तिच्यावरचं पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि एका डिस्कवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून चित्रपट दोन डिस्कवर येतो. हाँगकाँगच्या व्हीसीडीत एक खुबी असते: डाव्या वाहिनीवर कँटोनीज आणि उजवीवर मँडरिन. लावल्यावर दोन माणसं एकाच वेळी दोन भाषांत बोलतायत असं वाटलं तर डिस्क खराब म्हणून टाकू नका. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबून एक बाजू निवडा.

आपल्या घरांत व्हीसीडी इतक्या का सापडतात? २००७ मध्ये डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तोवर लोक लायब्ररीतून भाड्यानं आणत. या भावात विकतच घ्यायला लागले. त्या काळचे गठ्ठे आज माळ्यांवर आहेत.

डीव्हीडीवर रुंद चित्र आणि निवडता येतील अशी सबटायटल्स आली. शॉचा बहुतेक खजिना वर्षानुवर्षं बंद होता. सेलेस्टियल पिक्चर्सनं सातशेहून अधिक चित्रपटांचे हक्क घेतले आणि २००२ पासून नव्यानं साफ केलेल्या प्रती यायला लागल्या. मात्र त्या काळच्या कित्येक डीव्हीडींवर जुन्या मोनो आवाजाऐवजी नवे ठोसे आणि नवे खणखणाट भरलेले असतात. जुना आवाज कानात असेल तर ते टोचतं. मोनो मूळ आवाज आहे का, हे म्हणूनच प्रत्येक वेळी तपासा.

ब्ल्यू-रेचा काळ संग्राहकांसाठी सोन्याचा आहे. अ‍ॅरोनं २०२१ मध्ये शॉस्कोप नावाचा बारा चित्रपटांचा पहिला संच काढला, २०२२ मध्ये चौदा चित्रपटांचा दुसरा. क्रायटेरियननं २०२० मध्ये ब्रूस लीचा संच आणला. युरेका आणि एटी-एट फिल्म्स या ब्रिटनच्या कंपन्याही सातत्यानं काढत असतात.

चित्र किती, वेळ किती

शॉचे चित्रपट शॉस्कोप या रुंद पडद्यावर, साधारण २.३५ ला १ या प्रमाणात घेतलेले. जुना टीव्ही १.३३ ला १. भागाकार करा: टीव्ही भरायचा तर ४३ टक्के चित्र कापावं लागतं. लढतीत दोघं दोन टोकांना उभे असतील तर पडद्यावर एकाचं नाक आणि दुसऱ्याची मूठ उरते. ओळखायची खूण सोपी आहे. सुरुवातीला श्रेयनामावली येताना माणसं उंच आणि बारीक दिसत असतील, म्हणजे नावं मावावीत म्हणून चित्र दाबलंय, तर नावं संपल्यावर चित्र कापलं जाणारच.

वेळेबद्दल एक फसवणूक आपणच करून घेतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीत २५ नं. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट पाल टेपवर किंवा डीव्हीडीवर ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. यात काही कापलेलं नसतं. पाल प्रतीची मिनिटं घ्या, २५ नं गुणा, २४ नं भागा, आणि मग दुसऱ्या प्रतीशी ताडा. तरीही तफावत राहिली तर कात्री लागली आहे. ब्रिटनच्या जुन्या प्रतींत नानचाकूची (साखळीनं जोडलेल्या दोन दांडक्यांची) दृश्यं वर्षानुवर्षं कापली जात होती, हे लक्षात ठेवून तिकडच्या टेप घ्या.

भारतीय प्रतीत एक साधन आयतं मिळतं, आणि ते फार कमी लोक वापरतात: सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र. ते पुढं पळवू नका, थांबवून वाचा. त्यावर लांबी मीटरमध्ये दिली असेल तर ती २७.४ नं भागा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला तेवढे मीटर धावते. २७०० मीटर म्हणजे सुमारे ९८ मिनिटं. डिस्कवर प्रत्यक्षात ८५ च निघाली तर उरलेली कुठं गेली हे शोधायला लागा.

यंत्र आधी, डिस्क नंतर

डीव्हीडीला विभाग (रिजन) असतात; एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. भारत पाचमध्ये, हाँगकाँग तीनमध्ये, अमेरिका एकमध्ये, जपान आणि युरोप दोनमध्ये. ब्ल्यू-रेची विभागणी वेगळी: अमेरिका, जपान, हाँगकाँग 'ए', युरोप 'बी', भारत आणि चीन 'सी'. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागच नसतो. पुष्कळसे डीव्हीडी प्लेअर रिमोटवरची काही बटणं ठरावीक क्रमानं दाबली की सगळे विभाग वाजवतात. मॉडेलचा नंबर टाकून शोधलंत तर सापडतं. ब्ल्यू-रे प्लेअर इतके सरळ नसतात. त्यांना बहुधा आतून बदल करून घ्यावा लागतो, किंवा तसा बदल केलेलाच घ्यावा लागतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये विभाग पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. हे माहीत नसताना माझा एक ड्राइव्ह विभाग दोनवर अडकला तो अडकलाच.

व्हीसीआर नवा मिळणार नाही. शेवटच्या जपानी कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. जुना घ्या, आणि शक्य तर दोन घ्या: एक चांगला, एक मळकी टेप चालवायचा. आखातातून आणलेले मल्टिसिस्टिम व्हीसीआर पाल आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) दोन्ही वाजवतात, त्यांना प्राधान्य द्या. जेल रोडला दुरुस्तीची दुकानं फिरलात तर पन्नाशीच्या पुढचा एखादा कारागीर भेटतो ज्याला अजून व्हीसीआरचा रबर आणि हेड (टेप वाचणारा भाग) समजतं. त्याचा नंबर जपून ठेवा. घेताना स्वतःची एक साधी टेप बरोबर न्या, लावा, पुढं-मागं पळवा, थांबवा, काढा. टेप गुंडाळी न करता बाहेर आली तरच सौदा.

इंदुरात शोधायचं कुठं

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हा खरा हंगाम. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, तिळक नगर, जिथं जिथं आपली माणसं आहेत तिथं दसऱ्यानंतर लगेच निरोप द्या: "जुन्या कॅसेटी, सीडी टाकण्याआधी मला फोन करा." एकदा सांगून भागत नाही, दर वर्षी सांगावं लागतं. अटालेवाल्यांशी, म्हणजे भंगारवाल्यांशी, ओळख करून घ्या. आमच्या भागातल्या भैयाला मी तराजूच्या भावापेक्षा जास्त देते, म्हणून तो डिस्क पोत्यात न कोंबता वेगळ्या पिशवीत ठेवतो. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधी डिस्कचा गठ्ठा निघतो. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या मालकांना मात्र घरी जाऊन भेटा. माल विकून झाला असला तरी रजिस्टर उरलेलं असतं, आणि कुठली कॅसेट किती वेळा गेली हे त्यात असतं. अशी एक वही मला मिळाली आहे. ती मी कुठल्याही डिस्कच्या बदल्यात देणार नाही.

परदेशातून मागवताना हिशेब आधी करा. आयात शुल्क आणि कर डिस्कच्या किमतीसह टपालखर्च धरून लागतो, आणि पार्सल दारात आल्यावर रक्कम मागतात. जाड संचाला टपालही जड पडतं. सुट्टीला येणारा पुतण्या किंवा भाची असेल तर त्यांच्या सामानात दोन संच सहज येतात. मर्यादित आवृत्ती संपली म्हणून चढ्या भावानं घ्यायची घाई नको. बहुतेक चित्रपट नंतर साध्या आवृत्तीत सुटे निघतात.

हातात घेऊन तपासणं

डिस्क खिडकीपाशी न्या. खालची बाजू चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल तर कुणीतरी घरी भरलेली. तिचा रंगद्रव्याचा थर काही वर्षांत उडतो. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. अधिकृत डिस्कवर तिथं बारकोड, नंबर आणि फार बारीक अक्षरांत आयएफपीआयचा (ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) कोड कोरलेला असतो. एकाच डिस्कवर सहा चित्रपट असतील तर तपासायचीही गरज नाही, ठेवून द्या.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना उलटी माहीत असते. व्हीसीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, छपाईच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. म्हणजे खालच्या बाजूचा ओरखडा एकवेळ चालेल, वरचा नाही. व्हीसीडी उजेडासमोर धरा. छपाईच्या बाजूनं सुईच्या टोकाएवढा प्रकाश आरपार दिसला तर तेवढी माहिती कायमची गेली. तिच्यावर बॉलपेननं नावही लिहू नका. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती दोन्हीकडून सुरक्षित. ब्ल्यू-रेत तो खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, वर कठीण लेप असतो. कुठलीही डिस्क पुसायची ती मधून काठाकडे सरळ, गोल गोल नाही.

बुरशी लागलेली टेप

काकूंच्या त्या कॅसेटीकडे येते. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. अशी टेप चांगल्या यंत्रात कधीही घालायची नाही, कारण ती हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला लागते.

पहिलं काम, वाळवणं. कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर पाच-सहा दिवस ठेवली. ओली बुरशी पसरते, वाळलेली झटकता येते. मग गच्चीवर बसून, नाकाला मास्क लावून काम सुरू केलं. ही भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, आणि घरात तर मुळीच उडवू नका.

कॅसेट पालथी केली की पाच स्क्रू दिसतात. ते काढून कॅसेट सरळ करायची, झाकण धरूनच, नाहीतर आतल्या स्प्रिंग उडतात. झाकण हळूच वर उचललं की दोन रिळं आणि त्यांमधून गेलेल्या टेपची वाट दिसते. उघडल्याबरोबर या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या. नंतर तोच वाचवतो. रिळाच्या पारदर्शक चकतीवर बुरशीचे जाळीदार ठिपके होते. ते मऊ, कोरड्या ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडले, चकत्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसल्या. टेपच्या चमकत्या बाजूला अल्कोहोल लावायचं नाही, तिथं फक्त कोरडं, धागे न सुटणारं कापड. मग दोन्ही रिळं एका रिकाम्या, स्वच्छ कॅसेटीच्या खोक्यात बसवली. अशी खोकी मी निकामी टेपांची जपून ठेवते. जुन्या खोक्याचं लेबल मात्र फेकलं नाही. ते पाकिटात घालून वहीला चिकटवलं.

यानंतर ती मळक्या यंत्रात घालून पूर्ण पुढं, पूर्ण मागं, तीनदा पळवली. प्रत्येक फेरीनंतर हेड साफ केलं. वरचं झाकण काढल्यावर तिरका बसवलेला चकचकीत ढोल दिसतो. कागदाची जाड घडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून ढोलाला नुसती टेकवून धरायची आणि ढोल वरून बोटानं सावकाश फिरवायचा. कागद वर-खाली घासलात तर हेडचं टोक तुटतं, आणि मग ते यंत्र गेलं. पहिल्या फेरीनंतर कागद काळा-करडा निघाला, दुसऱ्या फेरीनंतर फिका, तिसऱ्यानंतर जवळजवळ पांढरा. मग ती चांगल्या यंत्रात गेली.

लावण्याआधी कॅसेटीच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली आहे ना ते पाहा. नसेल तर मोडा; चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मूळ पुसलं जाणार नाही. उतरवून घेण्यासाठी पिवळी-लाल-पांढरी तार यूएसबी कॅप्चरला जोडा, पाल टेप सेकंदाला २५ चौकटींवरच घ्या, आणि पहिली मोठी फाइल तशीच ठेवा. साफसफाई, रंग, लहान आकार हे सगळं तिच्या नकलेवर करा. ही नक्कल घरापुरती. विकायची नाही, वाटायची नाही.

भाषा कोणती लावावी

साठ-सत्तरच्या दशकातले शॉचे चित्रपट जवळपास सगळे बिनआवाजी चित्रित करून नंतर डब केलेले, आणि त्यांची मूळ भाषा मँडरिन. कँटोनीज पुन्हा जोरात आली ती १९७३ नंतर, आणि ऐंशीच्या दशकात तीच मुख्य झाली. म्हणून १९६८ च्या चित्रपटावर कँटोनीज ट्रॅक असला तरी तो बहुधा नंतरचा असतो. इंग्रजी डबिंगला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते त्या काळचंच आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी आधी तेच ऐकलं. पहिल्यांदा मँडरिन लावा, दुसऱ्यांदा इंग्रजी, आणि हिंदी असेल तर घरातल्या सगळ्यांना बसवून.

ठेवायचं कसं

उभं ठेवा, आडवा ढीग नको. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, स्पीकरच्या शेजारी टेपा नकोत. इंदूर एरवी कोरडं, पण जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत सगळं नुकसान होतं. त्या काळात प्रत्येक खणात सिलिका जेल, रंग बदलला की वाळवून परत. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवायची आपली सवय इथं घातक आहे. त्यांच्या वाफेनं डिस्कच्या डब्यांचं प्लॅस्टिक मऊ पडतं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या व्हीसीडीच्या छपाईला पाकीट चिकटतं आणि ओढताना थर सोलून निघतो, म्हणून घरी आणल्याबरोबर कडक डब्यात हलवा. टेपा पावसाळ्याआधी, मे महिन्यात, वर्षातून एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या.

वहीत दर प्रतीला एक पान: नाव आणि उरलेली नावं, साल, माध्यम, विभाग, मोजलेली मिनिटं, चित्राचं प्रमाण, आवाजाच्या भाषा, सेन्सॉर प्रमाणपत्राचा नंबर आणि लांबी, कुणाकडून आली, कधी. शेवटची नोंद लोक वगळतात. मी तीच आधी लिहिते.

आणि टेप शेवटपर्यंत चालवा. चित्रपट ९० मिनिटांचा, कॅसेट तीन तासांची. उरलेल्या भागात काय आहे ते कव्हरवर नसतं. काकूंच्या त्या टेपवर चित्रपट संपला, पडदा काही वेळ निळा राहिला, आणि मग त्यांच्या जुन्या वाड्यातल्या गणपतीची आरती सुरू झाली, साडेचार मिनिटांची. टाळ वाजवणारे त्यांचे सासरे होते, हे त्यांनी पाहिल्याबरोबर ओळखलं. माझ्या वहीत त्या पानावर असं आहे: शॉ ब्रदर्स, इंग्रजी डबिंग, चित्र कापलेलं, ९४ मिनिटं, पुढे गणेशोत्सव, ४ मिनिटं ३० सेकंद, मूळ टेप माझ्याकडे, आरतीची नक्कल लोकमान्य नगरात पोचवली.